एकतर्फी हुकूमनामा

हलक्या, बुटक्या, चालविणाऱ्याच्या मनगटाला आणि मनाला सारखेच सुख देणाऱ्या स्वस्त स्पोर्ट्‌स मोटारींचा जमाना संपला, तो परत येणे नाही, आणि आलाच तरी हिंदुस्थानात त्याला गिऱ्हाईक मिळणे नाही, असा एक हुकूमनामा मोटारउद्योगातील पंडितांनी अलीकडे परस्पर काढून टाकला आहे; आणि नवलाची गोष्ट ही की, ज्या रयतेच्या विरुद्ध तो काढला तीच रयत तो शिरसावंद्य मानून एकमेकांना वाचून दाखवीत बसली आहे. विक्रेत्याच्या वातानुकूलित दालनातला तरुण तो सांगतो ते समजण्यासारखे आहे, कारण त्याला पगारच त्याचा मिळतो; परंतु आमच्या इंदूरच्या छत्रीबागेत, व्यंकटेश मंदिरातून दर्शन घेऊन बाहेर पडलेले, आयुष्यात एकदाही स्वतःच्या आवडीची गाडी न घेतलेले गृहस्थसुद्धा जेव्हा तोच हुकूमनामा स्वतःचे मत म्हणून ऐकवितात, तेव्हा मात्र स्वस्थ बसवत नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे काटछाट न करता नोंदवावे हा न्यायाचा जुना शिरस्ता आहे, म्हणून त्यांची कैफियत प्रथम उतरून काढतो. लोकांना उंच गाडी हवी; उंच बसले म्हणजे रुबाब येतो आणि खड्डा लागत नाही. लोकांना पाच, जमल्यास सात, आसने हवीत. लोकांचा पहिला प्रश्न ‘भिया, कित्ता देती है?’ हाच असतो. वेग म्हणजे मृत्यू. ज्याला हौस आहे त्याच्यापाशी पैसा नाही आणि ज्याच्यापाशी पैसा आहे तो जर्मनीहून मागवील. सबब मधल्या माणसासाठी असे वाहन काढणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. ज्यांनी ज्यांनी तो केला ते बुडाले. शिवाय आता विजेचे युग उगवले आहे. हा युक्तिवाद सर्व बाजूंनी इतका व्यवस्थित बंद केलेला आहे की, मोटार चालविणे हेदेखील एक सुख असू शकते याचा त्यात कोठेही उल्लेख नाही, ही गोष्ट ऐकणाऱ्याच्या चटकन ध्यानातही येत नाही.

राजेरजवाड्यांची चैन, हा आक्षेप इंदुरात विशेष चवीने घेतला जातो, म्हणून त्याचा समाचार आधी घेतो. होळकरांच्या छत्र्यांच्या शेजारी राहणाऱ्याला यशवंतराव महाराजांच्या ड्युसेनबर्गची कथा नव्याने सांगावी लागत नाही. अमेरिकेत घडविलेला तो प्रचंड सांगाडा, त्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने १९३६ च्या सुमारास चढविलेली दोन आसनांची डौलदार काया, आणि तिला दिलेला भगवा व काळा रंग, हे सारे खरेच. आणि ती गाडी सर्वसामान्यांच्या कक्षेत कधीच नव्हती हेही खरेच. परंतु ड्युसेनबर्गवरून स्पोर्ट्‌स मोटारीची जात ठरविणे म्हणजे माणिकबाग राजवाडा पाहून छत्रीबागेतल्या खोलीचे भाडे ठरविणे होय. या मोटारीचा खरा वंशवृक्ष राजवाड्यात उगवलेला नाही, तो कारकुनांच्या वस्तीत उगवला. १९२९ साली ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसने, म्हणजे ज्याला जग एमजी म्हणून ओळखते त्या कारखान्याने, मॉरिस मायनर या गरीब कुटुंबवत्सल गाडीचे ८४७ सीसीचे इंजिन आणि तिचाच सांगाडा उचलला, त्यावर लाकूड व कापड यांची हलकी काया बसविली, आणि मिजेट या नावाने बाजारात आणली. १९५८ साली आलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट हीही तशीच, ऑस्टिन ए-३५ च्या ९४८ सीसी इंजिनावर आणि इतर गाड्यांच्या सुट्या भागांवर उभी राहिलेली. म्हणजे स्वस्त स्पोर्ट्‌स मोटार ही श्रीमंतीतून काढलेली वस्तू नव्हे. ती काटकसरीतून काढलेली मौज आहे.

आता आपल्या दप्तरातील नोंद पाहा. १९५५ साली निघालेल्या एमजीए या देखण्या दोन आसनी गाडीत ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे १४८९ सीसीचे जे इंजिन होते, त्याच जातीचे १४८९ सीसीचे इंजिन आमच्या ॲम्बॅसॅडरमध्ये होते. तिकडे त्या इंजिनाने तरुण कारकून आणि शिक्षक शनिवारी-रविवारी डोंगरवाटा पालथ्या घालीत. इकडे त्याच इंजिनाने कलेक्टरसाहेब, त्यांचा पट्टेवाला आणि पांढऱ्या टॉवेलने आच्छादलेली मागची बैठक वाहिली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन ज्या फियाट घराण्यातले, त्याच घराण्यातील इंजिनावर इटलीत चिसितालिया २०२ ही गाडी उभी राहिली, आणि ती इतकी सुंदर निपजली की न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तिला चित्रशिल्पांच्या पंक्तीला बसविले. लोखंड तेच, पेट्रोल तेच. मग आमच्याकडे ती टॅक्सीच का झाली? परवान्यांच्या त्या काळात नवी गाडी काढणे म्हणजे दिल्लीच्या दफ्तरी नाक घासणे होते आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नोंदणीची पावती जपून ठेवीत होते, हे कारण मी मान्य करतो. परंतु ते कारण १९९३ नंतर उरले नाही. त्यानंतर जे झाले त्याचा जाब परवान्याला विचारता येत नाही, कारखानदारालाच विचारला पाहिजे.

आणि जाब विचारावयाचा तर एमजीचेच उदाहरण घ्यावे. ज्या नावाने जगाला स्वस्त स्पोर्ट्‌स मोटार शिकविली ते नाव, मालक बदलत बदलत, २०१९ साली हिंदुस्थानात आले. आणि आले ते काय घेऊन? हेक्टर नावाचे एक उंच, धिप्पाड, पाच आसनांचे घर घेऊन. पुढे २०२५ मध्ये त्यांनी सायबरस्टर ही दोन आसनी उघडी गाडी आणली खरी, पण सुमारे पाऊण कोटी रुपयांना! कारकुनासाठी जन्मलेले नाव कारकुनाच्या जन्मभराच्या मिळकतीपलीकडे नेऊन ठेवायचे आणि मग म्हणायचे की, सामान्य माणसाला स्पोर्ट्‌स मोटारीत रस नाही. यास न्याय म्हणावे की विनोद?

‘बाजाराने नाकारली’ हा प्रतिपक्षाचा सर्वांत लाडका पुरावा. तो नीट तपासून पाहू या. बंगळुरूच्या सॅन मोटर्सने गेल्या शतकाच्या अखेरीस स्टॉर्म नावाची दोन आसनी गाडी काढली; काया फायबरग्लासची, इंजिन रेनोचे १.२ लिटरचे, शक्ती साठ अश्वांच्या आसपास. अलिबागेजवळच्या चिंकारा मोटर्सने रोडस्टर काढली, तीत इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन, म्हणजे कॉन्टेसामध्ये ज्याची गाठ आपल्याला पडली तेच. ही दोन्ही कामे हातावर पोट असलेल्या छोट्या कारखान्यांनी केली. ना गावोगाव विक्रेते, ना दुरुस्तीची सोय, ना बँकेचे पाठबळ. त्यांच्या अपयशावरून बाजाराची रुची ठरवावी हा न्याय कोणत्या स्मृतीतला? बरे, मोठ्यांचे पाहू. मार्च २०१७ मध्ये टाटांनी जिनिव्हाच्या प्रदर्शनात टॅमो रेसमो मांडली. चार मीटरच्या आत बसणारी, आसनांच्या मागे १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १९० अश्वशक्ती, मागच्या चाकांना जोर. वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर छापली, तरुणांनी भिंतीवर चिकटविली, आणि पुढे ती कारखान्याच्या कपाटात बंद झाली. ही गाडी बाजाराने नाकारली म्हणता? बाजाराला ती विचारली कोणी? ज्या वस्तूला दुकानाचे दार दिसले नाही तिला गिऱ्हाइकाने परत पाठविले, असे लिहिणाऱ्या मुनीमास आमच्या सराफ्यात दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाहीत.

विकल्या गेल्या त्यांचीही हकीकत ऐका. फियाटने २०१५ साली पुंटोला १४५ अश्वशक्तीचे अबार्थ रूप दिले, तेव्हा त्या कंपनीची दुकानेच एकामागून एक ओस पडत होती. माणूस इंजिनाला नव्हे, सुट्या भागांच्या चिंतेला भ्याला. मारुतीची बलेनो आरएस २०१७ साली आली आणि २०२० च्या आरंभी गेली. तीन वर्षांत ती कोणी जाहिरातीत पाहिली असेल तर त्याने हात वर करावा. स्विफ्टचे स्पोर्ट हे अस्सल चपळ रूप सुझुकी जपानात आणि युरोपात वर्षानुवर्षे विकत आली आणि स्विफ्टची सर्वांत मोठी भक्तमंडळी ज्या देशात आहे तेथे मात्र तिने ते कधी पाठविले नाही. चाकणला बनणारी पोलो जीटी टीएसआय २०१३ पासून पोलो बंद होईपर्यंत, म्हणजे २०२२ पर्यंत, टिकली. जुन्या गाड्यांच्या बाजारात आजही तिची चौकशी करणारे भेटतात. आणि २०२५ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय परदेशातून आणली, तेव्हा दीडशे गाड्यांचा पहिला हप्ता किंमत जाहीर होण्यापूर्वीच नोंदला गेला; किंमत निघाली ५३ लाख. दर न विचारता लोक रांगेत उभे राहतात ती इच्छा नव्हे तर काय? इच्छा आहे, तिला परवडेल असा दर मांडणारा नाही, एवढेच.

उंचीच्या मोहाविषयी मी छत्रीबागेच्या गल्लीतून बोलतो, आणि ही गल्ली या प्रकरणातली तज्ज्ञ साक्षीदार आहे. सायंकाळी दिवेलागणीला पावणेपाच मीटरची एखादी नवी कोरी उंच गाडी वळणावर येते. दोन्ही कानांसारखे आरसे मिटतात. मागे एक स्कूटर, तिच्या मागे भाजीची हातगाडी, तिच्या मागे शाळेची व्हॅन. ओट्यावरचे काका उठून ‘आने दो, आने दो, बस’ म्हणून हात हलवितात. गाडीतले यंत्र टिकटिक करीत भिंत जवळ आल्याची दवंडी पिटते. चालक आपल्या सिंहासनावरून, पुढच्या झाकणाखाली दडलेले लहान मूल सोडून, बाकी सर्व जग पाहतो. आणि या सात आसनांच्या वाहनात माणसे किती? एक. सकाळी दहा वाजता जवाहरमार्गावर उभे राहून कोणीही मोजून घ्यावे. सातांपैकी सहा आसने रिकामी वाहून नेणाऱ्याने दोन आसनांच्या गाडीस अव्यवहारी म्हणावे, याहून मोठे धाडस कोणते? ‘आजीला काय टपावर बसवणार?’ असे मला तुच्छतेने विचारण्यात आले. आजी वर्षातून दोनदा देवदर्शनास जाणार, म्हणून उरलेले दिवस कुटुंबातल्या तरुणाने तिच्या रिकाम्या आसनाला फिरवून आणावे काय? आणि व्यवहाराचीच चाड इतकी असेल तर नाशिकला बनणाऱ्या थारचे काय? दारे तीन, मागे शिरताना माणसाची घडी होते, सामानाला जागा बेताची. आणि तरीही २०२० च्या ऑक्टोबरात आलेल्या त्या गाडीने अडीच वर्षांत एक लाखाचा आकडा गाठला. ती लोक कशासाठी घेतात? वाळवंट ओलांडण्यासाठी? ती घेतात मौजेसाठी. म्हणजे मौजेला गिऱ्हाईक आहे, अव्यवहार्यतेलाही आहे. फक्त ती उंच असली म्हणजे पंडित तिला ‘जीवनशैली’ म्हणतात आणि बुटकी असली म्हणजे खेळणे.

वेगाचा मुद्दा गंभीर आहे, आणि म्हणूनच त्यातला दांभिकपणा अधिक संतापजनक वाटतो. २०२२ साली या देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांत दुचाकीवरील माणसे सुमारे ४४ टक्के होती. हा आकडा पुढे करून जे मला गप्प बसवू पाहतात, त्यांनीच २०१२ पासून चाकणच्या बजाजच्या कारखान्यातून निघालेल्या केटीएम ड्यूकसारख्या मोटारसायकली आपल्या मुलांना दहावी-बारावीच्या निकालाची बक्षिसे म्हणून घेऊन दिल्या. दोन चाकांवर वेगाला मुभा, आणि चार चाके, पट्टा व हवेची उशी आली की मृत्यूची भीती! आणि शक्तीचे म्हणाल तर आजच्या स्कॉर्पिओ-एनचे पेट्रोल इंजिन दोनशे अश्वशक्तीच्या वर जाते आणि ती शक्ती पावणेदोन टनांहून अधिक वजनाला रेटते. १९८९ साली माझदाने काढलेल्या मिआटाची शक्ती १२० अश्वांच्या आत होती आणि वजन एका टनाहून कमी. पादचाऱ्याने यांपैकी कोणासमोर येणे पसंत करावे? अमेरिकेतील रस्तेसुरक्षेच्या विमासंस्थेने २०२३ मध्ये दाखवून दिले की, ज्या वाहनाचे नाक चाळीस इंचांहून उंच आहे त्याच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, तीस इंच वा त्याहून बुटक्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक असते. तेव्हा रस्त्यावरच्या मरणाची फिर्याद नोंदवायची असेल तर आरोपी नीट ओळखून नोंदवा.

मुळात स्पोर्ट्‌स मोटार म्हणजे बेफाम वेग, हे समीकरणच अडाणीपणाचे आहे. महूहून मंडलेश्वराकडे जाताना जामगेटच्या खाली घाट उतरतो, तेथे ताशी चाळीस-पन्नासाच्या वेगात, जमिनीलगत बसून, हलकी गाडी एका वळणातून दुसऱ्या वळणात घालताना जे सुख मिळते, ते उंच जडशीळ गाडीत ताशी शंभराने मिळत नाही. कारण तेथे वळण आले की आधी गाडी कलते, मग मागे बसलेली माणसे कलतात आणि शेवटी चालकाचा धीर कलतो. गुरुत्वमध्य खाली, वजन कमी, सुकाणूचा निरोप थेट तळहाताला: एवढीच या मौजेची सामग्री, आणि तीत वेग हा घटक शेवटचा येतो. उलट, ज्याला घाटात मौज मिळते तो राऊच्या सरळ रस्त्यावर पराक्रम गाजवायला कमी जातो. आणि ज्याला वेगच पाहिजे त्याच्यासाठी सरकारने पिथमपुरास, आमच्या उंबरठ्यावर, ११.३ किलोमीटरची लंबवर्तुळाकार वेगवान धाव बांधून ठेवली आहे. जून २०२१ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी तिचे उद्घाटन केले तेव्हा ती आशियातली सर्वांत लांब म्हणून मिरविली गेली. आपल्या दारातल्या त्या धावेवर आता परक्यांच्या गाड्या धावून पारखल्या जातील आणि आपण बाहेर उभे राहून ‘कित्ता देती है’ विचारू.

त्या प्रश्नाचे उत्तर देणे सोपे आहे: हलकी गाडी अधिक देते. पुढे चला.

किमतीचा आक्षेप उरतो, आणि तेथे प्रतिपक्ष सर्वांत निर्धास्त असतो, कारण तो कधी गॅरेजात वाकून पाहत नाही. गल्लीतली ती शाळेची व्हॅन घ्या. मारुतीची ईको. इंजिन १२०० सीसीच्या आत, पुढच्या आसनांखाली, आणि शक्ती मागच्या चाकांना. इटालियन कारखाने ज्या रचनेसाठी कोट्यवधी रुपये मागतात तिचीच ही दूरची, कामकरी, पाच-सहा लाखांची बहीण. दुधाच्या कॅना आणि पोरांची दप्तरे वाहते म्हणून कोणी तिच्याकडे त्या नजरेने पाहिले नाही, एवढेच. टाटांच्या नॅनोतही इंजिन मागेच होते. सामग्री या देशात आहे, आजची नाही, कधीची आहे. कराचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के कर, आणि त्यापलीकडच्या गाड्यांवर ४० टक्के. दोन आसनांची गाडी चार मीटरच्या बाहेर न्यायची म्हटली तरी मुद्दाम न्यावी लागेल! खजिन्याने वाट मोकळी करून दिली, सुट्या भागांचे कोठार भरलेले आहे, परीक्षेचा मार्ग शेजारच्या पिथमपुरात आहे. मग अडले कोठे?

अडले ते वहीखात्यात. तोच सांगाडा, तेच इंजिन, वरून थोडा पत्रा, भोवती काळे प्लास्टिक, छतावर दोन दांड्या, आणि किमतीत दोन-तीन लाखांची भर: उंच गाडीचा हा नफा इतका विनासायास मिळतो की, त्यापुढे नवे काही रचण्याचा खटाटोप करावा असे कोणत्याही संचालक मंडळास वाटू नये, हे मी समजू शकतो. त्यांनी तसे सरळ सांगावे. नफ्यासाठी करतो म्हणणाऱ्या व्यापाऱ्याचा मी आदर करीन. परंतु स्वतःच्या आळसावर ‘लोकमत’ अशी मखलाशी लिहून ती आमच्या सहीने दाखल करू नये.

विजेच्या युगाची ओरड एका वाक्यात संपते: स्वस्त, हलकी आणि बुटकी गाडी विजेवर काढा, मी पहिल्या रांगेत उभा राहीन, पण सुमारे दोन टनांची आणि पाऊण कोटीची काढून भविष्यकाळ आला म्हणू नका.

आणि ‘गेले ते परत येत नाही’ म्हणणाऱ्यांनी पिथमपुरास एकदा जाऊन यावे. म्हैसूरचा आयडियल जावा कारखाना १९९६ साली बंद पडला. जावा हे नाव मोडीत निघाले असे सर्वांनी मान्य केले. नोव्हेंबर २०१८ मध्ये ते नाव परत आले आणि त्या मोटारसायकली इंदूरपासून तासाभराच्या आतल्या वाटेवर, त्याच औद्योगिक वसाहतीत, बनू लागल्या. बाजार तोच, रस्ते तेच, खड्डे तेच, आणि ‘कित्ता देती है’ विचारणारे शेजारीही तेच होते.

तेव्हा माझी मागणी स्पष्ट आहे. चार मीटरच्या आत, १२०० सीसीच्या आत, मागच्या चाकांना जोर देणारी, नऊशे किलोंच्या आसपासची, दोन आसनांची एक गाडी, घरात असलेल्याच सुट्या भागांतून, दहा-बारा लाखांत काढा. तिची जाहिरात उंच गाड्यांइतक्याच हौसेने करा. ती इंदूर, नागपूर, कोल्हापूर, बेळगाव येथल्या दुकानांत चालवून पाहण्यासाठी ठेवा. आणि पाच वर्षे, निदान पाच वर्षे, ती मागे घेऊ नका. त्या मुदतीनंतर कोणी घेत नसेल, तर आपली वही घेऊन छत्रीबागेत या आणि लोकांना नको होती म्हणून सांगा. मी ओट्यावर बसून ऐकून घेईन. तोपर्यंत प्रतिवादीला नोटीस नाही, साक्षीदाराची जबानी नाही, वस्तू कचेरीत हजर नाही, अशा प्रकरणातला हा हुकूमनामा मी मानत नाही, आणि ज्याला सुकाणू हातात धरण्याचे सुख ठाऊक आहे अशा कोणीही तो मानू नये.